मीठ जरा जास्त झालंय हं

पाहुण्यांच्या पानात वाढताना माझं हे वाक्य ठरलेलं. भात मऊ झालाय, आमटी पातळ झालीय, मीठ जरा जास्त झालंय हं. घास तोंडात जायच्या आत मी स्वतःला नापास करून मोकळी. लोक याला विनय समजतात. शाळेच्या ऑफिसात २२ वर्षं पगारपत्रकं करतेय, तिथेही कागद साहेबांपुढे ठेवताना "चुकलं असेल कुठेतरी" हे आलंच.

समुपदेशक मॅडमकडे गेले होते झोप लागत नाही म्हणून. तिसऱ्या भेटीत त्यांनी विचारलं, "हे न म्हणताच वाढलंत तर काय होईल?"

"लोक म्हणतील ना मग!"

बोलून गेले आणि माझं मलाच ऐकू आलं. मी आधी बोलून घेते, ते दुसऱ्याला जागा उरू नये म्हणून. त्यामुळे न बोलता काय झालं असतं, हे आजवर कधी कळलंच नाही. कुणी "छान झालंय" म्हटलं तरी वाटायचं, मीच रडगाणं लावलं म्हणून बिचारे म्हणताहेत.

मला भीती होती, मॅडम आईला नावं ठेवायला लावतील. आईचा विषय निघाला, पण हाती आली ती वही. तीन रकाने: काय होईल असं वाटतं, खात्री किती टक्के, प्रत्यक्षात काय झालं. अमेरिकेतले मनोविकारतज्ज्ञ एरन बेक यांनी १९६०च्या दशकात जी उपचारपद्धत मांडली, तिच्यातली ही रीत. भाकीत करायचं आणि ताडून बघायचं. (मैत्रिणी आधी फी विचारतात, म्हणून सांगते: सरकारची टेली-मानस हेल्पलाइन, १४४१६, फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं.)

न बोलता वाढून बघायला गौरीजेवणाचा दिवस मीच बाद केला. नैवेद्याच्या स्वयंपाकाची चव घ्यायची नसते, तिथे मला आयती सबब. मग साधा रविवार धरला, वन्सं जेवायला येणार होत्या तो. वहीत लिहिलं: वन्सं मिठावरून बोलतील, मला रडू येईल. ९० टक्के.

वाढलं. तोंड मिटून उभी राहिले. पदराचं टोक पार चुरगळलं.

वन्संनी भुरका मारला. "मीठ कमी आहे का गं जरा?"

कमीच होतं.

तिसऱ्या रकान्यात लिहिलंय: मीठ दिलं. त्यांनी आमटी दोनदा घेतली. मग मीही बसले जेवायला, फार भूक लागली होती.