वसतिगृहातले शाहू महाराज : आमची वाटचाल

आमच्या घरचं मूळ काम गणेशमूर्तींचं. कोल्हापुरात शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत वडील शाडूच्या मूर्ती घडवत. मी कलानिकेतनात शिकून आलो आणि व्यक्तिशिल्पं करू लागलो. ओतकामाला भांडवल नव्हतं, म्हणून सुरुवातीची सगळी कामं फायबरमध्येच झाली. धातू हाताळायला शिकवलं ते उद्यमनगरातल्या ओतकाम करणाऱ्या मंडळींनी. त्यांचं रोजचं काम यंत्रांच्या भागांचं. पण रस कुठे अडेल, हवा कुठून निघेल, हे त्यांच्याइतकं आम्हाला कुणीच समजावलं नसतं.

धंद्याला खरी दिशा मिळाली ती एका वसतिगृहाच्या इमारतीसाठी केलेल्या राजर्षी शाहू महाराजांच्या अर्धपुतळ्यामुळे. समितीच्या मनात दरबारी पोशाख होता, तुरा आणि मोत्यांच्या माळांसकट. मला ते पटेना. १९०१ मध्ये मराठा आणि जैन, १९०६ मध्ये मुस्लिम, १९०८ मध्ये अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग... कोल्हापुरात ही वसतिगृहं ज्यांच्या पाठबळावर उभी राहिली, ते महाराज तिथल्या पोरांना आपले वाटायला हवेत. मी साध्या फेट्यातला मातीचा नमुना करून दाखवला आणि समिती राजी झाली.

महाराज १८९४ मध्ये गादीवर आले आणि १९२२ मध्ये, वयाची ४८ वर्षं पुरी व्हायच्या आतच गेले. आम्ही उत्तरकाळातली छायाचित्रं घेतली : भरलेला चेहरा, भरघोस मिशा, जड मान. छायाचित्रात मान समोरूनच दिसते. मागचा भाग कळेना. मग शेजारच्या तालमीतल्या वस्तादांना समोर बसवलं. कुस्ती केलेल्या माणसाची मान खांद्यात कशी उतरते, ते त्यांच्याकडे बघून मातीत आणलं.

डोळ्यांवर सर्वांत जास्त वेळ गेला. धातूत काळं-पांढरं नसतं, सगळा खेळ सावलीचा. म्हणून बुबुळं खोल कोरली आणि वरच्या कडेला मातीचा बारीक कण ठेवला. त्यावर उजेड पडला की नजर जिवंत होते. चौथरा उंच असल्यामुळे ही नजर थोडी खाली वळवली. खाली उभ्या असलेल्या मुलाकडे महाराजांनी बघायला हवं.

मेणाच्या प्रतीभोवती विटांची भुकटी आणि प्लास्टर, मग भट्टीत मेण वितळवून त्या पोकळीत गनमेटल : ८५ टक्के तांबं, बाकी कथील, जस्त आणि शिसं प्रत्येकी ५ टक्के. फेट्याच्या चुण्यांत रस नीट पोचावा म्हणून फेटा वेगळा ओतला. सांधा कपाळावरच्या कडेखाली घेतला, त्यामुळे तो दिसत नाही.

त्या कामानंतर शाळा, ग्रंथालयं, बाजार समित्या यांच्याकडून मागणी येऊ लागली. आता भट्टी स्वतःची आहे. फायबरची कामं आजही घेतो, कारण छोट्या संस्थांना धातूचा खर्च झेपत नाही. पण काम कुठलंही असो, दर सांगण्याआधी आम्ही इमारत बघायला जातो. चौथरा किती उंच, खिडकी कुठल्या बाजूला, माणसं येणार कुठून, हे कळल्याशिवाय माती मळायला घेत नाही.