आईचा उजवा डोळा

आईच्या उजव्या डोळ्याच्या पापण्या डाव्यापेक्षा लांब आहेत, हे आमच्या घरात पहिल्यांदा भाचीच्या लक्षात आलं. दिवाळीच्या सुट्टीत ती परभणीला आली होती. लग्न ठरलेलं, तुळशीच्या लग्नानंतरचा मुहूर्त धरलेला. आई दारात सुपात ज्वारी घेऊन निवडत बसली होती. ही समोर उकिडवी बसली आणि एकदम म्हणाली, "आज्जी, तू मस्कारा लावायलीस का गं?"

आईनं ते 'मस्करी' असं ऐकलं. "या वयात कसली मस्करी करू माय," म्हणाली आणि एक खडा वेचून बाजूला टाकला.

मी चष्मा पुसून जवळ जाऊन पाहिलं. खरंच की. उजवीकडचे केस काळेभोर, लांब, दोन-तीन तर भलतीकडेच वळलेले, चष्म्याच्या काचेला टेकायला आलेले. डावीकडचे विरळ आणि भुरकट, चौऱ्याहत्तर वर्षांच्या बाईचे असतात तसे. एकाच चेहऱ्यावर दोन वयं. गेली दोन वर्षं रोज रात्री नऊ वाजता मी त्या उजव्या डोळ्यात थेंब टाकते. खालची पापणी ओढायची, वर बघ म्हणायचं, एक थेंब, डोळा मीट, झालं. इतक्या जवळून बघून मला काय दिसलं होतं, तर बाटलीत औषध किती उरलंय ते.

उजव्या डोळ्याला काचबिंदू आहे. पुढच्या तपासणीला डॉक्टरांना विचारलं तर ते हसले. म्हणाले, त्या थेंबांचाच गुण आहे, एका डोळ्यात औषध चालू असलं की असं दिसतं. औषधाचं नाव बायमॅटोप्रॉस्ट. डोळ्यातलं पाणी नीट बाहेर जावं आणि आतला दाब उतरावा म्हणून अमेरिकेत २००१ मध्ये याला मंजुरी मिळाली. पुढं पेशंट दाब तपासून घ्यायला येत आणि पापण्या दाट होऊन आलेल्या असत. औषधाचा नको असलेला परिणामच लोकांना हवासा वाटायला लागला. मग डिसेंबर २००८ मध्ये तिथल्या औषध प्रशासनानं हेच ०.०३ टक्क्यांचं औषध पापण्या वाढवायला म्हणून वेगळं मंजूर केलं. फरक इतकाच की ते डोळ्यात टाकायचं नाही, बारीक ब्रशनं वरच्या पापणीच्या कडेला लावायचं. पूर्ण गुण यायला सोळा आठवडे. आणि सोळा आठवड्यांनी सरासरी वाढ किती, तर दीड मिलिमीटरही नाही. तांदळाची कणीसुद्धा याहून मोठी निघते. पण केस दाट आणि काळेही होतात, त्यामुळं डोळ्याला दिसतं ते जास्त.

हे सगळं ऐकून भाचीची नजर आईच्या चेहऱ्यावरून उठली आणि फ्रिजवरच्या बाटलीवर जाऊन बसली.

तिचं दुखणं मला माहीत होतं, कारण त्या दिवशी मी बरोबर होते. वैशाखात साखरपुडा झाला. आदल्या दिवशी ती पापण्या लावून घ्यायला गेली, सोबत म्हणून मी. मला वाटलं टिकलीसारखं चिकटवतात, दहा मिनिटांचं काम. तसं नसतं. खालच्या पापण्या पट्टीखाली दाबून टाकतात आणि वरच्या एकेका केसाला चिमट्यानं एकेक नकली केस डिंकानं जोडतात. आता वरच्या पापणीला शंभराच्या आसपास केस धरा, नि दोन डोळे. ती मुलगी वाकून वाकून जोडत होती, भाची मेल्यासारखी निपचित पडलेली, आणि डावा डोळा अर्ध्यावर आला तेव्हा लाइट गेली. परभणीचा वैशाख, एसी बंद, आणि डोळे उघडायचे नाहीत. मी पुठ्ठ्यानं वारा घालायला लागले तर ती मुलगी ओरडली, "काकू, वारं नको, केस उडायलेत!" तासभर आम्ही तिघी घामाच्या धारांत बसलो. भाची तेवढी झोपलेली.

दुसऱ्या दिवशी फोटो झकास आले, ते नाकारण्यात अर्थ नाही. डोळे असे दिसत होते की मुलाकडच्या एका आजीबाईंनी तिची दृष्ट काढली. पण त्यानंतर वाफ नको, तेल नको, पालथं झोपायचं नाही, डोळे चोळायचे नाहीत, आणि दर दोन-तीन आठवड्यांनी गळालेले केस पुन्हा भरून घ्यायला जायचं. आमच्याकडं उन्हाळ्यात वावटळ आली की माणूस आधी डोळे चोळतो, मग पदर घेतो. तिनंही चोळले. महिन्याभरात नकली केस गेले, आणि जाताना आपल्याबरोबर तिचे खरेही पुष्कळ घेऊन गेले.

तेव्हापासून एरंडेल सुरू. लहानपणी आम्हाला नाक दाबून पाजलं जायचं तेच. आता ते छोट्या काचेच्या बाटलीत, ब्रशसकट, ऑनलाइन येतं. आईनं किंमत विचारली आणि उत्तर ऐकून एरंडेल प्यायल्यासारखंच तोंड केलं. तिच्या माहेरी शेताच्या बांधाला एरंड आपोआप उगवायचा, त्याला कुणी पाणीसुद्धा घालायचं नाही. त्यानं पापणी वाढते असा काही धड पुरावा नाही. तेल लागलं की केस चकाकतो, काळा आणि जाड दिसतो, एवढंच. पण लग्नघरात हे कुणी कुणाला सांगू नये.

खरं तर हा केस वाढत नाही यात त्याचा दोष नाही, त्याला मुदतच तेवढी दिलेली आहे. डोक्यावरचा केस वर्षानुवर्षं वाढत राहतो. पापणीचा महिना-दीड महिना वाढतो, साधारण सेंटिमीटरभर झाला की थांबतो, आणि काही महिन्यांनी गळून दुसऱ्याला जागा देतो. ते औषध वाढीची ही मुदतच लांबवतं. बंद केलं की काही आठवड्यांत पहिले पाढे पंचावन्न. काही लोक तर डोक्यामागचा केस काढून पापणीवर रोवून घेतात. त्या केसाला बिचाऱ्याला बदली झाल्याचं कळतच नाही, तो डोक्यावर असल्यासारखा वाढत सुटतो. मग दर थोड्या दिवसांनी कात्री घेऊन पापण्या कापत बसायचं.

आईचं यावरचं मत साधं आहे. तिचं माहेर उदगीरकडचं. तिच्या वडिलांच्या दावणीला देवणी गाय होती, आणि तिच्यासारख्या पापण्या आईनं म्हणे नंतर एकाही माणसाच्या बघितल्या नाहीत. "माशी बसू द्यायची नाही डोळ्यावर. त्याच्यासाठी असतेत त्या." अटलांटाच्या जॉर्जिया टेकमधल्या शास्त्रज्ञांनी २२ सस्तन प्राण्यांच्या पापण्या मोजल्या. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेलं त्यांचं काम सांगतं की पापणीचा केस डोळ्याच्या रुंदीच्या साधारण एक तृतीयांश असतो, आणि तेवढाच असावा. तेवढ्यानं डोळ्यावर येणारं वारं आणि धूळ अडते. त्याहून लांब झाला की तो उलट वारं आत वळवायला लागतो, नि डोळा लवकर सुकतो. मी हे आईला वाचून दाखवलं. "गाय मोजली का त्यांनी?" तिनं विचारलं.

एवढं होऊनही भाचीनं डॉक्टरांना फोन लावलाच. ते चिठ्ठी द्यायला तयार झाले नाहीत. डोळा लाल होतो, खाज येते, पापणीची कातडी काळवंडते. बुबुळाचा रंग गडद होऊ शकतो आणि तो पुन्हा उतरत नाही, आपल्या काळ्या डोळ्यांत ते कळणार नाही इतकंच. आणि बरेच दिवस वापरलं तर डोळ्याभोवतीची चरबी कमी होऊन डोळा आत गेल्यासारखा दिसतो. तिच्या आज्जीला दृष्टी वाचवायची आहे म्हणून हे सगळं चालवून घ्यायचं. फोन स्पीकरवर होता. मी आईकडं पाहिलं. उजवा डोळा डाव्याहून जरासा खोल गेलाय, वरच्या पापणीखाली सावलीसारखा खळगा पडलाय. लांब केसांच्या आड तो भाचीला दिसला नव्हता.

त्या रात्री नऊला थेंब टाकायला बसले तर भाची शेजारी येऊन बसली. या वेळी मी बाटलीकडं न बघता डोळ्याकडं बघितलं. थेंब पडला, आईनं डोळा मिटला आणि एक लांब केस सुटून गालावर आला. भाचीनं तो अलगद बोटावर उचलला, आपल्या मुठीच्या पाठीवर ठेवला आणि मूठ आईच्या तोंडासमोर धरली. "आज्जी, काहीतरी माग नि फुंकर मार."

आईनं डोळा न उघडता क्षणभर विचार केला. फुंकर मारली. केस हलला नाही. परत मारली, गाल फुगवून. तरी तो तिथंच.

"हात कशाचे गं तुझे?"

भाचीनं मूठ दिव्याकडं वळवून बघितली. मनगटापर्यंत एरंडेल लागलेलं होतं.