एमजी ४२ ला समोरून भिडू नका

दुसऱ्या महायुद्धावरच्या 'कंपनी ऑफ हिरोज २' या संगणकीय खेळाच्या आजच्या सामन्यांत पुन्हा तेच दिसलं. सोव्हिएत कॉन्स्क्रिप्टच्या (साध्या पायदळाच्या) दोन तुकड्या, म्हणजे १२ माणसं, रस्त्यावरून सरळ जर्मनांच्या एमजी ४२ मशीनगनवर चालून जातात आणि अर्ध्या वाटेत जमिनीला चिकटतात. रस्त्यावर आडोसा नसतोच, उलट गोळ्या जास्त लागतात. तुकडी पूर्ण दबली की माघारीशिवाय काही उरत नाही. फार वाईट वाटतं, कारण हे सहज टळतं.

मशीनगन पंख्यासारख्या ठरावीक कोनातच मारा करते. कोन बदलायचा तर ती उचलून पुन्हा मांडावी लागते. तेवढे सेकंद आपले! एक तुकडी समोर भिंतीआड, फक्त लक्ष खिळवायला. दुसरी बगलेतून. घर, उंच झाडी, धूर यांच्यापलीकडचं शत्रूला दिसत नाही, म्हणून लांबचा पण झाकलेला रस्ता घ्या. बुटकी कुंपणं ओलांडता येतात. खोल बर्फात मात्र चाल मंदावते. 'उर्रा'ची धाव, म्हणजे कॉन्स्क्रिप्टना थोडा वेळ जोरात पळवणारी आज्ञा, शेवटच्या टप्प्यासाठी राखा. मोलोटोव्ह (पेटती बाटली) फेकायला वेळ लागतो, तो कोनाबाहेरूनच फेका.

हिवाळी नकाशावर हिमवादळ आलं की नजर आखूड होते. बगल मारायला याहून चांगली वेळ नाही, पण निघण्याआधी माणसं शेकोटीजवळ ऊब घेऊ देत, नाहीतर वाटेतच गारठून मरतील.

आणि गनवाले पडले तर गन तशीच सोडू नका, उचला. नाहीतर तीच पुन्हा तुमच्यावर रोखली जाईल.