नाझ्काच्या रेषा, जमिनीवरून

नाझ्काला सकाळी आमच्या ग्रुपचं विमान सुटलंच नाही. पठारावर धुकं होतं, आणि अशा हवेत ती छोटी विमानं सोडत नाहीत. मंडळींची वजनंसुद्धा करून झाली होती. पुण्याहून पेरूपर्यंत येऊन, या पठाराच्या जमिनीवर रेषांनी काढलेली माकड, कोळी, हमिंगबर्ड यांची प्रचंड चित्रं न बघताच परतायचं की काय, ही धास्ती प्रत्येकाच्या चेहऱ्यावर दिसत होती. टूर मॅनेजर म्हणून मी ताटकळत बसण्यापेक्षा बस महामार्गावरच्या मनोऱ्याकडे वळवली.

हा मनोरा या रेषांच्या जर्मन अभ्यासक मारिया राइखे यांनी 1976 मध्ये उभारला. त्यावरून एक झाड आणि दोन हात अशी चित्रं दिसतात. शेजारच्या सरड्याच्या अंगावरूनच हमरस्ता गेलाय. वर चढल्यावर एक काका म्हणाले, "आकाशातूनच दिसायचं असेल, तर दोन हजार वर्षांपूर्वी काढलं कुणासाठी?"

या प्रश्नासाठीच मला हे ठिकाण आवडतं. वरचे काळपट, लोहाचा थर चढलेले दगड बाजूला केले की खालची फिकट माती उघडी पडते. त्याच या रेषा. पाऊस जवळजवळ नाहीच, म्हणून त्या टिकल्या. राइखेबाईंनी आयुष्य घालवलं ते हे आकाशाचं पंचांग आहे असं मानून. पण 1968 मध्ये खगोलशास्त्रज्ञ जेराल्ड हॉकिन्स यांनी संगणकावर ताडून पाहिलं, तेव्हा बहुतेक रेषांचा ताऱ्यांशी मेळ बसला नाही. माकड किंवा हमिंगबर्ड मात्र एकाच अखंड रेषेत काढलेत: एका टोकाने आत शिरायचं, दुसऱ्या टोकाने बाहेर पडायचं. रेषांवर फुटकी मडकी सापडतात, म्हणजे माणसं तिथे येत होती. मला स्वतःला पटतं ते हेच, की या रेषा चालण्यासाठी होत्या.

"मग बरोबर आहे की," एक काकू पटकन म्हणाल्या. "आपली वारी तरी वरून कोण बघतं?"

दुपारी हवा निवळली, विमानं सुटली. काकू खिडकीतून माकडापेक्षा त्याची रेषा कुठून सुरू होते तेच शोधत होत्या.

संध्याकाळी कान्तायोकला गेलो. इथे भूगर्भातलं पाणी बोगद्यांतून उताराने शेतांपर्यंत आणलंय, आणि वरून वळणावळणाने खाली जाणारी दगडी विवरं आहेत. बऱ्याच अभ्यासकांच्या मते हे काम रेषा काढणाऱ्या नाझ्का लोकांचंच. ग्रुपमधले दुसरे एक काका पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. दिवसभर गप्प होते, ते सरळ तळाशी उतरले, वाहत्या पाण्यात हात घातला आणि तिथूनच मला बोलावलं, "अगं, गाळ कोण काढतं?" शेतकरीच दरवर्षी आत उतरून काढतात, हे सांगितल्यावर त्यांनी उताराची, दगडांच्या रचनेची सगळी चौकशी केली. पाल्पा गावाजवळच्या अशाच आकृत्यांवर स्पाँडिलस नावाचे काटेरी शिंपले सापडलेत, ते उबदार समुद्रातून येतात आणि पाण्याच्या पूजेशी जोडले जातात, हेही मी सांगितलं. काका म्हणाले, "असल्या कोरड्या मुलखात माणूस पाण्याशिवाय आणखी काय मागणार?"

हॉटेलवर जेवायला आम्हाला बराच उशीर झाला. कुणी तक्रार केली नाही.