पॅडस्टोचा भोंगा आणि माझा ई-फ्लॅट बास

मागच्या नोंदीत लिहिलं होतं की बॅन्डने वापरायला दिलेला ई-फ्लॅट बास (म्हणजे खालच्या सुरांचा भला मोठा ट्यूबा) एकदाचा मांडीवर नीट बसायला लागला. आता पुढची कथा. इथे इंग्लंडमधल्या आमच्या हौशी ब्रास बॅन्डने सप्टेंबरचा कार्यक्रम इंग्लिश संगीतकार माल्कम अर्नल्ड यांच्या आठवणीत करायचा ठरवलाय. ते गेले २००६ च्या २३ सप्टेंबरला. यादीत त्यांच्या तीन गोष्टी आहेत: 'द ब्रिज ऑन द रिव्हर क्वाय' या चित्रपटाचं संगीत, 'लिटल स्वीट' आणि 'द पॅडस्टो लाइफबोट' हा मार्च.

पहिला आठवडा

'क्वाय' म्हटलं की सगळ्यांना त्यातल्या युद्धकैद्यांनी शिट्टीवर वाजवलेली चाल आठवते. मला इतकी वर्षं वाटायचं, ती अर्नल्ड यांचीच. ती 'कर्नल बोगी'ची. रिकेट्स नावाच्या लष्करी बॅन्डमास्तरने केनेथ आल्फर्ड या टोपणनावाने १९१४ साली लिहिलेला मार्च. अर्नल्ड यांनी काय केलं, तर त्या चालीच्या जोडीला चपखल बसेल असा स्वतःचा दुसरा मार्च लिहिला. कैदी शिट्टी वाजवत येतात आणि मागून वाद्यवृंद ही दुसरी चाल घेऊन शिरतो. सगळं पार्श्वसंगीत जेमतेम दहा दिवसांत केलं, असं ते सांगत. त्याला ऑस्कर मिळालं.

माझ्या वाट्याला मात्र 'धम्-चक्, धम्-चक्' मधला नुसता 'धम्'. दोन दिवसांत बसला. पुढे चला.

दुसरा आणि तिसरा आठवडा

'लिटल स्वीट' १९६३ ची, स्कॉटलंडच्या युवा ब्रास बॅन्डसाठी लिहिलेली. तिचे तीन भाग: प्रेल्यूड, संथ सिसिलियानो आणि राँडो. लिहिणारा स्वतः फुंकणारा होता, हे वाजवताना ओठांना कळतं. अर्नल्ड लंडन फिलहार्मोनिक या वाद्यवृंदात मुख्य ट्रम्पेटवादक होते. लहानपणी जाझवाल्या लुई आर्मस्ट्राँगला ऐकून ट्रम्पेटचं वेड लागलेलं. जिथे दम संपत येतो, नेमकी तिथेच श्वासाला जागा सोडलेली असते. नाहीतर काही संगीतकार आम्हा बासवाल्यांना हार्मोनियमचा भाता समजतात.

सिसिलियानो अजून जड जातो. हळू आणि हलकं, दोन्ही एकदम, हे या वाद्यावर म्हणजे हत्तीला पैंजण घालून चालवणं.

चौथा आठवडा

आता खरी गंमत. पॅडस्टो हे कॉर्नवॉलच्या किनाऱ्यावरचं बंदर. अर्नल्ड तेव्हा तिथून जवळच राहत. तिथल्या नव्या जीवरक्षक बोटीसाठी त्यांनी १९६७ साली हा मार्च लिहिला आणि त्यात ट्रेव्होजच्या दीपगृहाचा धुक्यातला भोंगाच घातला. तो भोंगा खालच्या आवाजाच्या वाद्यांकडे, म्हणजे आमच्याकडे.

मार्च ए-फ्लॅटमध्ये, भोंगा डी. आपल्या भाषेत काळी चारचा सा धरलात तर पांढरी दोन म्हणजे तीव्र मध्यम. चाल स्वच्छ बिलावलसारखी, आणि मधेच हा तीव्र म. यमनमध्ये तो पंचमाकडे ओढ घेतो म्हणून गोड लागतो. इथे तो कुठेच जात नाही, ठिय्या मांडून बसतो. खरा भोंगा सी आणि डीच्या मधे हेलकावे खायचा म्हणे. वाजवणाऱ्यांचं डोकं ठिकाणावर राहावं म्हणून डीच कायम ठेवलाय, अशी अर्नल्ड यांची मिश्किल टीपही आहे.

बोटांना काम शून्य. माझं वाद्य ई-फ्लॅटचं, म्हणून कागदावर बी लिहिलेला असतो आणि वाजतो डी; त्यासाठी फक्त दुसरा व्हॉल्व्ह (बोटाने दाबायची कळ) दाबायचा. अडचण कानाची. पेटीवर वाढलेला कान भोवतीचा ए-फ्लॅट ऐकतो आणि ओठ आपसूक सूर खाली डी-फ्लॅटकडे, शुद्ध मध्यमाकडे नेतात. सूर मोजणाऱ्या ट्यूनरची सुई सतत डावीकडे, म्हणजे सूर उतरलेला. भोंगा लाजत लाजत वाजला तर तो चुकलेला बासवाला वाटतो!

उपाय दोन केले. मोबाइलवर तानपुरा काळी चारला लावला आणि त्यावर नुसता डी धरला, आठ मात्रा, पुन्हा पुन्हा. पहिले दोन दिवस दात आंबले. दुसरं, सूर लागायच्या आधी तो मनात गायचा. आता दहापैकी सात वेळा सुई मधोमध थांबते.

पाचवा आठवडा

तालमीत विश्रामाचे ठोके मोजताना घसरलो आणि भोंगा एक बार (एक आवर्तन म्हणा) आधीच वाजवला. पूर्ण जोरात. कॉर्नेट (ट्रम्पेटचा धाकटा भाऊ) वाजवणाऱ्या आजोबांनी मागे वळूनही पाहिलं नाही. चहाच्या सुट्टीत एवढंच म्हणाले, की धुकं लवकर आलं वाटतं आज.

चुकीच्या जागी, पण सूर पहिल्यांदाच अगदी पक्का होता. तेवढं वहीत हिरव्या शाईने लिहून ठेवलंय.

बाकी: सिसिलियानोचा शेवट अजून हवेअभावी फाटतो. राँडो मेट्रोनोमवर १०४ पर्यंत आला, पुढे तिसरा व्हॉल्व्ह अडकतो. तेल घालून झालं, आता स्प्रिंग काढून बघणार. कुणी बासचा तिसरा स्प्रिंग घरी बदलला असेल तर सांगा, कार्यक्रमाला अकरा दिवस आहेत.