पाण्यावर फेस आला त्यानंतर

सकाळी तळमजल्यावरच्या आजींनी पेला हातात धरूनच मला हाक मारली. पाण्यावर बारीक फेस होता आणि साबणाचा वास येत होता. इमारतीची देखभाल माझ्याकडे. पहिली शंका टाकीची आली, पण आजींचा नळ थेट मेन लाइनवर आहे. तिथे टाकीचा संबंधच नाही.

उलगडा बागेत झाला. आदल्या संध्याकाळी झाडांवर फवारायला साबणाचं पाणी करून पिंप भरत ठेवलं होतं. रबरी नळीचं तोंड पिंपाच्या तळाशी आणि नळ उघडा. नेमकी त्याच वेळी उताराच्या खालच्या बाजूला मुख्य जलवाहिनी फुटली. आता पिंप अर्धं रिकामं होतं, पण आजूबाजूची माती कोरडी ठणठणीत. म्हणजे पाणी सांडलं नव्हतं, नळीतून उलटं ओढलं गेलं होतं. लाइनमधला दाब गेला, पाणी उताराकडे धावलं आणि मागे पिंपातलं पाणी खेचत गेलं. दाब परत आल्यावर तेच आजींच्या नळातून बाहेर पडलं. त्या पिंपात कीटकनाशक असतं तर? त्या रात्री मला झोप लागली नाही.

सगळ्यांना पाणी वापरू नका म्हणून सांगितलं, नळी काढली, पाणीपुरवठा खात्याला कळवलं, लाइन धुऊन काढली. नमुन्याचा अहवाल चांगला येईपर्यंत बाहेरून पाणी आणलं.

प्लंबर म्हणाला, ‘एक एनआरव्ही टाकू, काम झालं.’ एनआरव्ही म्हणजे पाणी एकाच दिशेने जाऊ देणारी झडप. मला ते पटेना. साध्या एनआरव्हीच्या झडपेत वाळूचा एक कण अडकला की ती अर्धवट उघडी राहते आणि बाहेरून काही कळत नाही. या विषयावर वाचताना 1969 सालची घटना सापडली. अमेरिकेतल्या होली क्रॉस कॉलेजच्या फुटबॉल संघात हेपटायटिस ए पसरला. जवळच आग लागली होती, बंबांनी पाणी ओढल्यामुळे दाब पडला आणि मैदानातल्या जमिनीखालच्या नळाच्या खड्ड्यातलं दूषित पाणी पिण्याच्या लाइनमध्ये शिरलं. आमच्याकडे घडलं तेही याच वाटेने. फक्त पिंपात साबण होता.

मग प्लंबरला घेऊन प्रत्येक जोडणी पाहत फिरलो. पिंपासाठी उपाय सोपा निघाला. नळाचं तोंड पिंपाच्या काठाच्या वरच पक्कं बसवलं. मधली मोकळी हवा तोंडाच्या व्यासाच्या दुप्पट आणि कमीत कमी 25 मिलिमीटर हवी. यात बिघडण्यासारखा एकही भाग नाही, म्हणून माझा सगळ्यात जास्त भरवसा याच उपायावर. बाकी रबरी नळीच्या नळांना व्हॅक्यूम ब्रेकर लावले. ओढ लागली की ते हवा आत घेतात आणि ओढ तुटते.

बागेच्या ठिबक लाइनवर मात्र खत सोडणारा पंप आहे. तिथे ओढ लागायचीही गरज नाही. पंपाचा दाब मेनपेक्षा वाढला तर तो खताचं पाणी मागे ढकलणार आणि ते थांबवणं व्हॅक्यूम ब्रेकरचं काम नाही. तिथे आरपीझेड नावाचं, उलटा प्रवाह रोखणारं उपकरण लागतं. त्यात दोन चेक व्हॉल्व्ह, म्हणजे एकाच दिशेने उघडणाऱ्या झडपा, आणि मधल्या कप्प्याला रिलीफ व्हॉल्व्ह असतो. मधल्या कप्प्यातला दाब येणाऱ्या पाण्यापेक्षा नेहमी कमी राहिला पाहिजे. तो फरक फार कमी झाला की रिलीफ उघडतो आणि पाणी बाहेर सोडून देतो. लाइन नासण्यापेक्षा फरशी भिजलेली बरी.

प्लंबरला ते उपकरण दिसायला नको म्हणून खड्ड्यात बसवायचं होतं. मी ठाम नाही म्हटलं. खड्ड्यात पाणी साचलं आणि रिलीफचं तोंड बुडालं, तर घाण पाणी आत शिरायला तिथूनच वाट. जमिनीपासून 30 सेंटिमीटरहून वर बसवलं आणि खाली निचऱ्याची सोय केली. या उपकरणामुळे बागेकडचा दाब थोडा उतरला, तो मी मान्य केला.

दोन दिवसांनी रखवालदार म्हणाला, रात्री त्याखाली पाणी पडतं. सकाळी जाऊन पाहावं तर थेंब नाही. तिसऱ्या रात्री मी स्वतः जाऊन उभा राहिलो. बागेचं पाणी बंद झालं की धार सुरू, बाग चालू केली की बंद!

तपासणी करणाऱ्याने दाबातला फरक दाखवणारं गेज जोडलं आणि पलीकडचा व्हॉल्व्ह बंद केला. काटा हळूहळू खाली येत 2 पीएसआयजवळ (पीएसआय हे दाबाचं एकक) थांबला आणि रिलीफ फुरफुरला. पहिला चेक गळत होता. पाणी वाहत नसताना मेनचा दाब त्यातून मधल्या कप्प्यात झिरपायचा, म्हणून गळती फक्त रात्री. झाकण उघडलं तर रबराच्या बैठकीवर पाइप कापतानाचा धातूचा बारीक कीस चिकटलेला. उपकरण बसवण्याआधी लाइन धुवायला हवी होती, ते राहून गेलं होतं.

कीस काढला, लाइन धुतली, पुन्हा गेज लावलं. या वेळी काटा 7 वर स्थिर राहिला, दुसरा चेकही 1 पीएसआयच्या वर टिकला. आकडे आणि तारीख लिहिलेली पट्टी उपकरणाला बांधली आहे. पुढची तपासणी वर्षभराने. आजींना मी ती पट्टी नेऊन दाखवली. त्यांनी प्रत्येक आकड्याचा अर्थ विचारून घेतला.