तुम्ही विचारलंत म्हणून: डिश सोडून अँटेना का?

बर्मिंगहॅमच्या दक्षिण भागातल्या या घरात आम्ही राहायला आल्यापासून इथली मराठी मंडळी एक प्रश्न हमखास विचारतात: जुन्या घरी फ्रीसॅटची, म्हणजे ब्रिटनमधल्या मोफत उपग्रह टीव्ही सेवेची, डिश उत्तम चालत असताना इथे छपरावरच्या अँटेनाकडे का वळलात?

कारण केबलचे आहे. डिशवरच्या एलएनबीला (डिशसमोर बसवलेला, लहरी पकडणारा भाग) कोणत्या ध्रुवीकरणाच्या, म्हणजे उभ्या की आडव्या, लहरी हव्यात हे रिसीव्हर १३ किंवा १८ व्होल्ट देऊन कळवतो आणि कोणता वारंवारतेचा पट्टा हवा हे २२ किलोहर्ट्झच्या संकेताने सांगतो. त्यामुळे दोन खोल्यांत वेगवेगळ्या वाहिन्या पाहायच्या, तर साध्या एलएनबीपासून प्रत्येक खोलीपर्यंत स्वतंत्र केबल ओढावी लागते. अँटेना मात्र सगळ्या वाहिन्या एकाच केबलमधून एकदम उतरवतो आणि ती केबल स्प्लिटरने खोल्याखोल्यांत वाटता येते. दरवर्षी पुण्याहून आई तीन महिने येते. तिच्या खोलीत आता वेगळा बॉक्स नाही, टीव्हीचा एकच रिमोट आहे, आणि मला तेवढे कारण पुरेसे होते.

आधीच्या मालकांची डिश भिंतीवर होतीच, आग्नेयेला २८.२ अंश पूर्व रेखांशावरच्या उपग्रहांकडे तोंड करून. आमचा अँटेना मात्र उत्तरेला सटन कोल्डफील्डच्या प्रक्षेपण केंद्राकडे पाहतो. लंडनबाहेरचे बीबीसीचे पहिले दूरचित्रवाणी प्रक्षेपण १७ डिसेंबर १९४९ रोजी तिथूनच सुरू झाले, हे कळल्यापासून त्या दिशेबद्दल मला विशेष आपुलकी वाटते.

पहिल्या आठवड्यात चित्राचे सारखे चौकोन होत. सिग्नल कमी पडतो असे समजून मी मोठा अँटेना मागवणार होतो. पण माळ्यावर जुना अ‍ॅम्प्लिफायर सापडला. प्रक्षेपण केंद्र जवळ असल्यामुळे मुळातच जोरदार असलेला सिग्नल त्याने इतका वाढत होता की टीव्हीच्या ट्यूनरला तो पेलत नव्हता. अ‍ॅम्प्लिफायर काढताच चित्र स्थिरावले.

गमावलेही काही. मुलगी लीड्सला शिकते, म्हणून तिकडच्या बीबीसीच्या बातम्या डिशवर पाहत असू. अँटेनावर फक्त मिडलंड्सच्या दिसतात. जुन्या रेकॉर्डरमधली रेकॉर्डिंगे दुसऱ्या यंत्रावर चालत नाहीत, तीही गेली. मुसळधार पावसात चित्र जाणे थांबले, तरी उन्हाळ्यात हवेचा दाब वाढला की दूरच्या केंद्रांच्या लहरी इथवर पोहोचून क्वचित व्यत्यय आणतात. टीव्ही लायसन्सची फी मात्र दोन्हीकडे सारखीच.

तुम्हीही बदलणार असाल, तर आधी शेजाऱ्यांच्या छपरांवरचे अँटेना पाहा. दांड्या आडव्या असतील तर ते बहुधा मुख्य केंद्राकडे वळलेले असतात. उभ्या असतील तर बहुधा एखाद्या लहान उपकेंद्राकडे, आणि तुमचाही तसाच उभा बसवावा लागेल.